घाटाखाली घाटी, घाटावर मुंबईकर

ओतूरला माझ्या सासरी सुनेला नावानं हाक मारायची पद्धत नव्हती. लग्नात नवं नाव ठेवलं, ते हळदीबरोबर उतरलं. मोठी जाऊ घोडेगावची, म्हणून ती घोडेगावकरीण. सासूबाई निमगाव साव्याच्या. त्यांची सासू जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी भावकीतल्या म्हाताऱ्या त्यांना निमगावकरीणच म्हणत. मी आण्याची, म्हणून आणेकरीण. रागावल्या की सासूबाई मला पठारीण म्हणत. आमच्या आण्याच्या पठारावर पाण्याचे हाल, त्यामुळे मी भांडी घासताना पाणी जपून वापरायची आणि राख भांड्याला तशीच राहायची. मग त्या म्हणायच्या, "अगं पठारणी, हितं नदी हाय! नदीला काय कुलूप लावलंय का?"

मला त्याचं वाईट वाटत नसे. हाक आली की वाटायचं, गाव आपल्याबरोबर आहे. घोडेगावकरणीला तिच्या गावाहून कोणी आलं की ती दिवसभर मोठ्यानं बोलायची, आणि आम्ही ऐकून घ्यायचो.

माझे मालक धाकटे. शेत एका भावाचं पोट भरेल एवढंच होतं, म्हणून ते मुंबईला गोदीत लागले. दोन पावसाळे गेल्यावर त्यांनी मलाही नेलं. निघताना सासूबाईंनी पदरात ज्वारी घातली आणि म्हणाल्या, "तिथं आपलं कोन न्हाई. कमी बोल."

गोदीजवळ एक लांबट पत्र्याची चाळ होती, तिथं आम्हाला एक खोली मिळाली. खोली कसली, दोन चुली मांडल्या तर माणूस बसायला जागा नाही. पहिल्याच दिवशी नळावर एक चिपळूणची बाई मला न्याहाळून बघत होती. माझं लुगडं, नाकातली नथ, कपाळावरचं गोंदण. शेजारणीला म्हणाली, "आणखी एक घाटीण आली."

मी आजूबाजूला पाहिलं. कोणाला म्हणते ते मला कळलं नाही. घरी येऊन मालकांना विचारलं, तर ते हसले.

"आपल्यालाच म्हणत्यात. घाटावरनं आलेला त्यो घाटी. मग त्यो जुन्नरचा असू दे न्हाईतर साताऱ्याचा. मुकादम तर नावबी इचारत न्हाई. ए घाटी, हे उचल. ए घाटी, ते ठेव."

"मग तुमी काय म्हणता?"

"मी काय म्हणनार? आपन घरी कोकनातल्याला काय म्हणतो? कोकण्याच म्हणतो न्हवं?"

पण त्यांना ते लागलं होतं, हे मला पुढं कळलं. कारण त्यानंतर त्यांना एक नादच लागला. गोदीत कोणतं जहाज आलं, त्यावर कुठली माणसं, त्यांना काय म्हणतात, हे सगळं ते विचारून यायचे आणि जेवताना मला सांगायचे. मस्कतचा तो मस्कती. सुरतेचा सुरती. इराणातला इराणी, पण त्यातला एखादा म्हणायचा मी शिराजी. झांजिबारहून काळेसावळे खलाशी यायचे, त्यांना सगळे हबशी म्हणत. त्यांच्यातल्या एकानं मालकांना हातानं खुणा करून सांगितलं की हबशांचा मुलूख वेगळा आणि त्याचा वेगळा.

एकदा ते फार खुशीत घरी आले. म्हणाले, "आज गंमत झाली. जहाजावरच्या इंजिनाचा गोरा सायेब हाय ना, त्याला आमच्या कारकुनानं इंग्रज म्हणलं. त्यो असा भडकला! म्हणं मी इंग्रज न्हाई, मी आयरिश. ते दुसरं बेट हाय म्हणं. आन् हे इंग्रज त्यांना कमी लेखत्यात." मग भाकरी मोडता मोडता थांबले आणि म्हणाले, "सायबातबी घाटी असत्यात बघ."

दुसऱ्या एका दिवशी त्यांनी एका चिनी खलाशाला विचारलं, तुम्ही तुमच्या लोकांना काय म्हणता. भाषा येत नव्हती, सगळं खुणांचंच. त्यानं पुष्कळ वेळ काहीतरी सांगितलं, हातानं नदी दाखवली, डोंगर दाखवला, डोक्यावरचं छप्पर दाखवलं. मालकांनी घरी येऊन माझ्यापुढं त्या सगळ्या खुणा करून दाखवल्या.

"त्यानं देशाचं नाव सांगितलंच न्हाई," ते म्हणाले. "गावाचं सांगितलं बहुतेक. एवढ्या लांबचा माणूस, त्यालाबी कुठंतरी कोन ओतूरकर म्हणत असंल."

आमच्या भिंतीपलीकडं एक मुसलमान जोडपं राहत होतं. ती बाई मला सुरुवातीला गुजराथी वाटली, तिच्या ओढणीमुळे. एकदा तिचं दूध उतू गेलं आणि ती जोरात म्हणाली, "लई वंगाळ झालं गं बाई!" मी भिंतीला कान लावून उभी राहिले. मग बाहेर जाऊन विचारलं, "तुमी कुठल्या?"

"जुन्नरच्या. आन् तुमी?"

मी तिथंच उंबऱ्यात बसले आणि रडायला लागले. तिला काही कळेना. ती ओढणीच्या टोकानं माझं तोंड पुसत राहिली.

तिच्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या कागद करत. जुनी गोणपाटं, सुतळ्या, दोरखंडं चुन्यात भिजवायची, कुटायची, त्याचा लगदा हौदात कालवायचा आणि गवताच्या चाळणीवर एकेक ताव उचलायचा. तिचा नवराही त्याच धंद्यातला. पण गिरणीचा कागद स्वस्त आला आणि सगळ्यांच्याच हौदाला ओहोटी लागली. मग तो मुंबईला एका छापखान्यात कागद कापायच्या कामाला लागला. ती म्हणायची, "आधी कागद करायचा, आता कापायचा." मी तिला जुन्नरवाली म्हणू लागले आणि ती मला आणेवाली. नळावरच्या बायकांना आम्ही दोघीही घाटणीच. एका दृष्टीनं बरं होतं. ती मुसलमान, मी हिंदू, हे त्यांच्या लक्षातच यायचं नाही, आम्हाला एकत्रच ढकलायच्या.

माझी मुलगी त्या चाळीत झाली. बाळंतपण जुन्नरवालीनंच केलं. मालकांनी पोरीला हातात घेतलं आणि म्हणाले, "ही खरी मुंबईकरीण. हिला कोन घाटी म्हणनार न्हाई." चिपळूणच्या बाईनं मात्र डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "घाटणीला मुलगी झाली वाटतं."

मुलगी चालायला लागली त्या थंडीत आमच्या वस्तीत पुन्हा उंदीर पडायला लागले. गाठीच्या तापाची, म्हणजे प्लेगची, साथ त्या वर्षांत येत-जात असायची, पण तोपर्यंत आमच्या चाळीला तिनं हात लावला नव्हता. एका सकाळी नळाजवळच मेलेले उंदीर दिसले आणि बायका भांडी तिथंच टाकून पळाल्या. जुन्नरवालीच्या नवऱ्याला काखेत गाठ आली. कोणीतरी वर्दी दिली, इस्पितळाची गाडी आली आणि त्याला घेऊन गेली. ती गाडीच्या मागं धावली. परत आली तेव्हा तिच्या एका पायात वहाण नव्हती. दुसऱ्या दिवशी इस्पितळात गेली, तर त्याला मातीही देऊन झाली होती. कुठं दिली, तेही नीट कोणी सांगितलं नाही. तिनं एवढंच विचारलं, "नमाज पढला का?" तिथला माणूस म्हणाला, "पढला असेल."

चाळ रिकामी होऊ लागली. मालक म्हणाले, "चला, गावाला जाऊ. आपलं गाव हाय, घर हाय. हितं कशाला मरायचं?" जुन्नरवालीला विचारायची गरजच नव्हती. ती आमच्याबरोबर निघाली.

कल्याणला डॉक्टर सगळ्यांच्या काखा, मांड्या चाचपून बघत होता. आम्हाला सोडलं. तिथून मुरबाडपर्यंत बैलगाडी मिळाली आणि पुढं चालत. माळशेजच्या पायथ्याला पोचलो तेव्हा मालक खुशीत होते. पोरीला खांद्यावर घेऊन ते पुढं चालले होते. अर्धा घाट चढल्यावर थांबले आणि पोरीला माझ्याकडं दिलं.

"थंडी वाजतीय," ते म्हणाले.

उन्हं चांगली तापली होती. मी जुन्नरवालीकडं पाहिलं, तिनं माझ्याकडं. ती पुढं झाली आणि त्यांच्या डोक्यावरचं गाठोडं आपल्या डोक्यावर घेतलं. घाट संपला, वरचा सपाट मुलूख दिसला, तेव्हा ते एका दगडावर बसले. तोंड लाल झालं होतं. म्हणाले, "आता हितनं पुढं घाटी म्हणायला कोन न्हाई."

ओतूरच्या शिवेवर काटेरी झुडपं तोडून आडवी टाकली होती. पलीकडं काठ्या घेतलेली माणसं उभी. त्यातले बरेच ओळखीचे. एकजण तर मालकांच्या बरोबर तालमीत जाणारा.

"कोन गावचं?" त्यानं लांबूनच विचारलं. त्याला माहीत नव्हतं असं नाही.

"ओतूरचं," मालक म्हणाले. "मला वळखत न्हाईस का?"

"आलात कुठून?"

"मुंबईहून."

"मग मुंबईकरच की. मुंबईकरांना गावात घ्यायचं न्हाई, गावानं ठरवलंय. मागारी जावा."

"अरं, मुंबईकर काय म्हणतोस? माझं घर हाय तिथं. त्यो पिंपळ दिसतो ना, त्याच्या मागं."

"घर हाय ते ठावं हाय. पर तुमी आता मुंबईकर."

मालक हसले. तापात होते, तरी हसले. "तिथं घाटी म्हणत्यात रं," ते म्हणाले. त्या माणसाला ते कळलं नाही. त्यानं काठी जमिनीवर आपटली.

थोरल्या दिरांना बोलावणं गेलं. ते आले, काट्याच्या पलीकडं उभे राहिले. त्यांच्या मागं सासूबाई. त्यांनी मुलाकडं पाहिलं आणि पुढं धावल्या. दिरांनी त्यांचा दंड धरला.

"आई, तुज्या नातवंडांचा इचार कर."

"त्यो माजा लेक हाय!"

"हाय ना. म्हणूनच सांगतोय. सगळं घर जाईल."

दीर रडत होते. ते मला स्पष्ट दिसत होतं, आणि त्याच वेळी ते सासूबाईंना मागं ओढतही होते. दोन्ही खरं होतं. त्यांनी सांगितलं, नदीपलीकडच्या आंब्याखाली थांबा, भाकरी पोचवतो, ताप उतरला की बघू.

आम्ही आंब्याखाली थांबलो. घोडेगावकरीण रोज टोपलीत भाकरी, कधी ताक, एकदा घोंगडी आणून नदीच्या मधल्या खडकावर ठेवायची आणि मागं सरकायची. ती गेली की मी उचलून आणायची. एकदा ती लांबूनच म्हणाली, "आणेकरणी, पोरीला दूध पाठवलंय." त्या गावात मला त्या हाकेनं बोलावणारी तीच शेवटची.

मालकांच्या जांघेत गाठ आली होती. ते मध्येच शुद्धीवर यायचे आणि मध्येच गोदीत असायचे. जहाजांची नावं घ्यायचे. एकदा त्यांनी जुन्नरवालीला विचारलं, "तुमी कुठल्या?" ती म्हणाली, "तुमच्या शेजारची, भाऊ." त्यांना ते पुरलं.

ते गेले तेव्हा सकाळची उन्हं आंब्याच्या बुंध्यावर आली होती. मी नदीकाठी जाऊन ओरडून सांगितलं. थोड्या वेळानं दीर आणि दोन माणसं लाकडं घेऊन आले आणि खडकावर टाकून परत पलीकडं गेले. खडकापुढच्या पाण्यात उतरायला कोणी तयार नव्हतं. दीर पलीकडून ओरडून सांगू लागले, डोकं कुठल्या दिशेला, आधी काय, मग काय. त्यांचा आवाज फाटत होता.

उचलणार कोण? मला एकटीला उचलता येईना. जुन्नरवालीनं ओढणी कमरेला खोचली आणि पायाकडं उभी राहिली.

"तू कशाला?" मी म्हटलं. "तुझ्यात चालतं का?"

"माझ्या माणसाला कोनी उचललं मला ठावं न्हाई," ती म्हणाली. "ह्याला तरी आपन उचलू."

आम्ही दोघींनी उचललं. अग्नी मीच दिला, पोरीला कडेवर घेऊन. पलीकडं सासूबाई जमिनीवर पडून होत्या. गावातलं आणखी कोणी आलं नाही.

आम्हाला ताप आला नाही. कसा आला नाही, देव जाणे. पुष्कळ दिवस गेल्यावर गावानं ठरवलं की आता या बाईला घ्यायला हरकत नाही. जुन्नरवाली जुन्नरला निघून गेली. जाताना म्हणाली, "कदी आलीस तर कागदी आळी इचार, कोनीबी सांगंल." मी सासरी गेले, अंगणातल्या गोठ्यात राहिले. पण त्याच पंधरवड्यात बाजारपेठेतले दोघे गाठीच्या तापानं गेले. धान्याच्या गाड्या रोज येत होत्या, उंदीर सगळीकडं होते. पण गावाला ते सांगायचं कोणी?

"मुंबईकरणीनं आणलं," असं सुरू झालं. विहिरीवर मी गेले की बायका बाजूला व्हायच्या. मी पोहरा बुडवला की दुसऱ्या दिवशी नवा पोहरा. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "तू थोडे दिस माहेरी जा. लोकांच्या तोंडाला कवर हात लावू?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. मुलगा गेल्यावर त्यांच्यात कशालाच जोर उरला नव्हता.

मी पोरीला घेऊन आण्याला गेले. आई-वडील नव्हते, भाऊ होता. पहिला दिवस बरा गेला. भावजय शेजारणींना म्हणाली, "ओतूरची पावणी आलीय." मला ऐकून कसंतरीच झालं. ज्या उंबऱ्यावर मी खेळले, तिथं मी ओतूरची. पण रीतच ती, म्हणून गप्प बसले. मग ओतूरच्या बाजाराहून कोणीतरी बातमी आणली. त्या संध्याकाळी माझं ताट ओसरीवर आलं.

भाऊ माझ्या शेजारी बसला, मान खाली घालून. "बाई, तू दिलेली," तो म्हणाला. "तुजं बरंवाईट आता ओतूरला. हितं लोक माज्या बैलालाबी हात लावीनात."

"ओतूर मला मुंबईची म्हणतंय, दादा."

"मग मी काय करू?"

भाऊ वाईट नव्हता. सकाळी त्यानं मला फाट्यापर्यंत सोडलं आणि पोरीच्या हातात गुळाचा खडा दिला.

जुन्नरला कागदी आळी सापडायला वेळ लागला नाही. जुन्नरवाली हौदावर होती, कोपरापर्यंत हात लगद्यात. मला पाहून तिनं हात पुसले नाहीत, तशीच येऊन मिठी मारली. तिच्या वडिलांनी एवढंच विचारलं, "काम करशील?" मी हो म्हटलं. त्यांच्या परड्यातली खोली मला मिळाली. वाळलेल्या कागदाला खळ लावायची आणि मग फळीवर ठेवून गुळगुळीत दगडानं तो घोटायचा, हे माझं काम. घोटला की कागद चकचकीत व्हायचा. सुरुवातीला माझे खांदे उतरून यायचे, नंतर सवय झाली. आळीतल्या बायका मला ओतूरवाली म्हणू लागल्या. मी त्यांना कधी सुधारलं नाही. चूल माझी वेगळी होती, पाणी मी वेगळं भरायचे, तरी माझ्या लोकांच्या दृष्टीनं मी मुसलमानांत राहणारी झाले, आणि ते कायमचं.

तिथं गेली ती वर्षं बरी म्हणायची. पोर जुन्नरवालीच्या अंगाखांद्यावर वाढली. पण हौद दर वर्षी कमी होत होते. आधी शेजारचा बंद झाला, मग समोरचा. ज्यांच्या दप्तराला आमचा कागद लागायचा, तेही गिरणीचा कागद घेऊ लागले. म्हातारे वडील तरी रोज सकाळी हौद ढवळायचे, कधी कधी नुसताच.

पोरीचं लग्नाचं वय झालं तेव्हा मला खरी भीती वाटायला लागली. पहिले पाहुणे नारायणगावकडचे आले. त्यांनी बसल्या बसल्या विचारलं, "गाव कोणतं म्हणायचं?"

"ओतूर," मी म्हटलं.

ते ओतूरला चौकशीला गेले. तिथं त्यांना सांगितलं, ती आमची न्हाई, मुंबईची. मुंबईची म्हटल्यावर त्यांच्या मनात काय काय आलं असेल! ते परत आलेच नाहीत. दुसऱ्यांना मी आणे सांगितलं. आण्याला त्यांना सांगितलं, ती ओतूरला दिलेली. तिसरी सोयरीक आली, त्यांना मी जुन्नर सांगितलं, तर त्यांनी विचारलं, जुन्नरात कोणत्या आळीत? मी खरं ते सांगितलं. म्हातारा पाहुणा पाणी न पिताच उठला.

शेवटी आंबेगाव तालुक्यातल्या, घोड नदीकाठच्या एका गावातल्या बिजवराला ती दिली. वयानं तिच्या दुप्पट, पहिली बायको गेलेली, घरात सावत्र मुलं. त्यानं काही चौकशी केली नाही, हाच त्याचा मोठेपणा. निरोप द्यायला गाडीपर्यंत मी आणि जुन्नरवाली गेलो. पोर गाडीत बसली आणि जुन्नरवालीला म्हणाली, "मावशी, तिथं मला काय म्हणतील?"

"तू जुन्नरकरीण," ती म्हणाली. "कोनी इचारलं तर ताठ मानेनं सांग."

आणि तिथं तसंच झालं. पहिल्या वर्षी मी भेटायला गेले तेव्हा तिची नणंद तिला "जुन्नरकरणी, पावणी आलीय" अशी हाक मारताना मी ऐकलं. पोरीच्या हाताला भेगा पडल्या होत्या, पण तिनं त्या पदराखाली घेतल्या. जेवण मला बाहेरच्या पडवीत वाढलं. ती माझ्याजवळ बसली नाही. बसू दिलं नसेल.

मानमोडीचा ताप, म्हणजे इन्फ्लुएंझा, आला त्या वर्षी, जर्मनांशी चाललेली लढाई संपत आली होती तेव्हा, तिला सहावा महिना होता. ती आजारी असल्याचा निरोप मला जुन्नरला मिळायच्या आधीच ती गेली होती. मी पोचले तेव्हा त्या गावात एकाच दिवशी इतके गेले होते की रडायलाही कोणाला सवड नव्हती. जावई ओसरीवर स्वतः तापानं फणफणत पडलेला. सावत्र मुलगी पाणी पाजत होती. मला कोणी अडवलं नाही, काटे टाकले नाहीत, कुठून आलीस हेही विचारलं नाही. घरात चूल पेटवायला माणूस नव्हतं म्हणून मी चूल पेटवली, आणि तशीच राहिले. जावई वाचला. तो म्हणाला, "ऱ्हावा हितंच. पोरांचं बघायला कोन न्हाई." दुसऱ्याच्या घरात, मेलेल्या लेकीच्या सवतीची पोरं सांभाळत मी राहिले. ती मला काहीच म्हणत नसत. "अहो" नाही, "आजी" नाही. काही हवं असलं की समोर येऊन उभी राहायची.

साथ ओसरल्यावर मला एकच गोष्ट करायची होती. जुन्नरवालीला सांगायचं होतं. पोर तिच्याही अंगाखांद्यावर वाढलेली, आणि मी जुन्नरहून निघाले तेव्हा पोर आजारी आहे एवढंच तिला ठाऊक होतं. मी डोंगराच्या वाटेनं जुन्नरला गेले. कागदी आळीत शिरले तेव्हा काही तरी चुकल्यासारखं वाटलं. नेहमीचा कुटण्याचा धपधप आवाज नव्हता. तिच्या दाराला कुलूप होतं. परड्यात गेले, हौद कोरडा पडला होता आणि तळाला लगदा वाळून त्याच्या खपल्या झाल्या होत्या.

शेजारच्या घरातून एक बाई बाहेर आली. नवी होती, मला ओळखत नव्हती. म्हातारे वडील तापात गेले, एवढं तिला माहीत होतं. बाकीची माणसं कुठं गेली, ते तिला नक्की सांगता येईना. कोणी म्हणत होतं मुंबईला, कोणी हैदराबादेला.

"आणि त्यांची लेक?" मी विचारलं. "विधवा होती, मुंबईहून आलेली."

"सगळी एकत्रच गेली, बाई. का? तुमचं काय ऱ्हायलंय का त्यांच्याकडं?"

"न्हाई," मी म्हटलं.

तिनं तांब्याभर पाणी आणून दिलं. ते प्यायले, तांब्या परत दिला, आणि जावयाकडच्या पोरांना संध्याकाळचं जेवण करायचं होतं म्हणून लगेच परत निघाले. जुन्नरवालीचा पत्ता मला त्यानंतर कधीच लागला नाही. मुंबईला गेली असेल, तर कोणत्या चाळीत, कोणाच्या शेजारी, हे विचारायला तिथंही आता माझ्या ओळखीचं कोणी नाही.